तपासणीनंतर उरलेलं रसायन

दाभोळ खाडीच्या पाण्यात सेंद्रिय घाण किती मिसळली आहे हे कळायला एक जुनी, जगभर मानली जाणारी चाचणी आहे. रासायनिक प्राणवायू मागणी हे तिचं पुस्तकातलं नाव. प्रयोगशाळेत सगळे तिला सीओडीच म्हणतात. 50 मिलिलिटर पाणी चंबूत घ्यायचं. त्यात 1 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, 25 मिलिलिटर पोटॅशियम डायक्रोमेटचं द्रावण आणि सिल्व्हर सल्फेट विरघळवलेलं 75 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं. दोन तास मिश्रण उकळू द्यायचं. निवलं की पाणी घालून विरळ करायचं आणि ब्युरेटमधून फेरस अमोनियम सल्फेट थेंब थेंब सोडायचं. निळसर हिरवा रंग एका थेंबासरशी तांबूस तपकिरी होतो आणि आकडा हाती येतो. चंबूत मात्र पारा, क्रोमियम, चांदी आणि आम्ल यांचं जे मिश्रण उरतं, ते तपासलेल्या पाण्याहून कितीतरी जास्त विषारी असतं.

कोकणात ही अडचण आणखी वाढते. पारा घालायचा तो पाण्यातल्या क्लोराइडला जखडून ठेवण्यासाठी. नाहीतर मिठाचा क्लोराइडही डायक्रोमेट खातो आणि आकडा खोटाच फुगतो. लिटरमागे 2000 मिलिग्रॅम क्लोराइडपर्यंत ही पद्धत नीट चालते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड असतो सुमारे 19,000 मिलिग्रॅम. भरतीच्या वेळी खाडीत नदी किती आणि समुद्र किती हे तासातासाला बदलतं. म्हणजे जिथे पाणी खारं, तिथे एक तर पारा जास्त वापरा, नाहीतर नमुना विरळ करून अचूकपणा गमवा.

रत्नागिरी जिल्ह्याला हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. खेड तालुक्यातल्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायनांचे, औषधांचे, कीटकनाशकांचे कारखाने आहेत. वाशिष्ठी खाली दाभोळला समुद्राला मिळते. मासळी कमी झाली, मासे मरून तरंगले, अशा तक्रारी खाडीकाठचे भोई आणि इतर मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत. त्या तक्रारींना आकड्यांचा आधार हवा असतो आणि आकडे येतात ते अशाच चंबूंमधून. प्रदूषण नियंत्रण मंडळाची एक प्रयोगशाळा चिपळूणला आहे, कारखान्यांच्या आपापल्या प्रयोगशाळा आहेत, खासगीही आहेत. पाणी वाचवण्यासाठी जी तपासणी करायची तिनेच पारा वापरावा, हे मनाला टोचणारं आहे.

विश्लेषण रसायनशास्त्राला हा प्रश्न उशिराच टोचला. कारखान्याच्या टाक्यांपुढे प्रयोगशाळेतला चंबू लहान दिसतो, म्हणून तिकडे लक्ष गेलं नाही. पण एचपीएलसी यंत्राचं उदाहरण घ्या. औषधाची शुद्धता तपासणारं हे यंत्र मिनिटाला 1 मिलिलिटर द्रावक पुढे ढकलतं. दिवसरात्र चालवलं तर 24 तासांत जवळजवळ दीड लिटर द्रावक खर्ची पडतो आणि त्यात बहुतेक वेळा ॲसिटोनायट्राइल किंवा मिथेनॉल असतं. एका कारखान्यात अशी कितीतरी यंत्रं ओळीने उभी असतात. 4.6 मिलिमीटर व्यासाच्या नळीऐवजी 2.1 मिलिमीटरची नळी लावली की हाच खर्च पाचव्या हिश्श्यावर येतो, कारण द्रव वाहतो तो नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबाने. इतकी साधी बचत सुचायला आणि रुळायला वर्षं गेली. 2008-09 मध्ये ॲसिटोनायट्राइलचा जगभर तुटवडा पडला. हा द्रावक ॲक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनात जोडीने निघतो; मंदीमुळे ते उत्पादन घटलं तेव्हा प्रयोगशाळांची धावाधाव झाली आणि कमी द्रावकात भागवण्याचा विचार अनेकांनी पहिल्यांदा गांभीर्याने केला.

पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांचं हरित रसायनशास्त्रावरचं पुस्तक आलं 1998 मध्ये. त्यांच्या बारा तत्त्वांपैकी अकरावं तत्त्व विश्लेषणाबद्दल होतं: घाण तयार झाल्यावर मोजत बसण्यापेक्षा प्रक्रिया चालू असतानाच मोजा, म्हणजे ती तयारच होणार नाही. विश्लेषणासाठी वेगळी बारा तत्त्वं मांडली गेली 2013 मध्ये, पोलंडमध्ये. त्या निबंधाच्या पहिल्या लेखिका अ‍ॅग्निएश्का गालुश्का या किएल्त्से शहरातल्या रसायनशास्त्रज्ञ. सोबत झ्जिस्वाव मिगाशेव्स्की आणि या विषयाचे जुने पुरस्कर्ते यात्सेक नामिएश्निक. शक्य तिथे नमुन्यावर काहीही न करता थेट मोजा, नमुना थोडा घ्या, तपासणी वस्तू असेल तिथेच करा, यंत्रासमोर बसणाऱ्या माणसाच्या जिवाचा विचार करा, असा त्यांचा रोख होता. पुढे 2020 मध्ये या तत्त्वांवरून एखाद्या पद्धतीला शून्य ते एक असे गुण देणारी, घड्याळाच्या तबकडीसारखी रंगीत आकृती काढणारी मोफत संगणकप्रणालीही आली.

ही सगळी नावं परकी वाटतील. पण थोडक्या साधनांत, माणसाच्या हाताशी, अन्न जिथे शिजतं तिथे रसायनशास्त्र नेणारी एक बाई महाराष्ट्रात याच्या कितीतरी आधी होऊन गेली. ती केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आलेली होती, मुंबईच्या विज्ञान संस्थेची संचालक झाली होती, आणि उतारवयात तिने ग्राहकांच्या मासिकात भेसळीवर लिहिलं. कमला सोहोनी. हरित विश्लेषण हा शब्द त्यांनी वापरला नाही, वापरणं शक्यही नव्हतं. त्यांच्या कामाची दिशा मात्र आज रत्नागिरीला हवी आहे तीच होती.

माहेरच्या त्या भागवत. लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या सख्ख्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा कमलानेही 1933 मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायन आणि भौतिकशास्त्र घेऊन पहिल्या क्रमांकाने बी.एस्सी. झाल्यावर त्याच संस्थेकडे अर्ज पाठवावा, यात घरात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते नकाराचं. संचालक होते सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून प्रवेश नाही, एवढंच कारण.

कमला बंगळुरूला गेली आणि रामन यांच्यासमोर सत्याग्रहाची भाषा बोलली. प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिलं वर्ष परीक्षेचं, नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचं आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. शेवटच्या अटीतला अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. आयुष्याच्या अखेरीस, भारतीय महिला वैज्ञानिकांच्या संघटनेने केलेल्या सत्काराच्या वेळी त्यांनी रामन यांच्या संकुचितपणाबद्दल स्पष्ट शब्दांत सांगितलं. वर्षभराचं काम पाहून रामन यांनी त्यांना रीतसर प्रवेश दिला आणि त्यानंतर संस्थेची दारं इतर मुलींनाही उघडली. कमलाबाईंच्या कारकिर्दीतला हा पहिला निष्कर्ष मानायला हवा, कारण त्याचा फायदा त्यांच्याहून इतरांना जास्त झाला.

बंगळुरूला श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. विषय होता दूध आणि कडधान्यं यांतली प्रथिनं. त्या काळी प्रथिन मोजायचं म्हणजे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये दिलेली पद्धत: पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात तासन्‌तास उकळायचा, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पकडायचा आणि त्यावरून हिशेब मांडायचा. डाळीच्या चिमूटभर पिठासाठी आम्लाची वाफ आणि धूर. हे सांगायचं कारण असं की, कमलाबाई ज्या रसायनशास्त्रात वाढल्या ते आम्लाचं, उकळण्याचं, मोठ्या काचपात्रांचं होतं. 1936 मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या.

केंब्रिजमध्ये फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात त्यांनी आधी डेरेक रिक्टर यांच्याकडे काम केलं. मग रॉबिन हिल यांनी त्यांना वनस्पतींच्या ऊतींकडे वळवलं. बटाट्यावर काम करताना सायटोक्रोम सी हे श्वसनातलं प्रथिन वनस्पतींच्या पेशींत असतं, असं त्यांनी दाखवलं. याच गावात डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये सायटोक्रोम ओळखलं होतं, तेही केवळ वर्णपटमापकातून जिवंत ऊतीकडे बघून. ऊतीतून प्रकाश आरपार जाऊ द्यायचा आणि वर्णपटात कुठे काळ्या रेघा उमटतात हे पाहायचं. ना आम्ल, ना उकळणं. हिल यांचाही हातात धरायच्या छोट्या वर्णपटमापकावर मोठा भरवसा होता. नमुन्याला हात न लावता थेट मोजा हे जे तत्त्व 2013 मध्ये पहिल्या क्रमांकावर लिहिलं गेलं, त्याचा एक नमुनेदार धडा त्या वेळच्या केंब्रिजमध्ये रोज गिरवला जात होता.

प्रबंध झाला चौदा महिन्यांत, आणि तो होता अवघा चाळीस पानांचा. 1939 मध्ये पीएच.डी. मिळाली, विज्ञानात केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री.

परदेशात राहता आलं असतं. त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. 1947 मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाचा नवा विभाग सुरू होत होता. तिथे त्या प्राध्यापक झाल्या आणि आपली उरलेली सगळी नोकरी त्यांनी याच संस्थेत काढली.

या विभागातून जे संशोधन झालं त्याचे विषय बघावेत: नीरा, ताडगूळ, तांदळाचं पीठ, कडधान्यांतले पचनाला अडथळा आणणारे घटक. गरिबाच्या ताटातले पदार्थ. नीरेचं काम डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सुरू झालं आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या बदलत वर्षानुवर्षं चाललं. नीरेत क जीवनसत्त्व, लोह असे घटक आहेत आणि कुपोषित आदिवासी मुलं व गरोदर स्त्रिया यांना तिचा आहारात उपयोग होतो, हे त्यातून पुढे आलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. कोकणात माड आणि ताड यांची माहिती असलेल्यांना यातली खरी कसोटी कळेल. झाडावरून उतरवलेला रस ऊन चढेल तसा आंबायला लागतो, काही तासांत नीरेची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावायचा तो त्यासाठीच. असा पदार्थ बाटलीत भरून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवला तर तिथे पोचतं ते दुसरंच काहीतरी. त्याचं विश्लेषण झाडाच्या जवळ आणि वेळेवर व्हायला हवं.

आरे दूध प्रकल्पाच्याही त्या सल्लागार होत्या. शहराला पुरवायचं दूधही असंच नाजूक.

संस्थेच्या संचालकपदी त्यांची नेमणूक होणं रास्त होतं, तरी ती चार वर्षं लांबली. अंतर्गत राजकारण त्याला कारण होतं. नेमणूक झाली तेव्हा केंब्रिजचे जुने मार्गदर्शक रिक्टर यांनी एवढ्या मोठ्या विज्ञान संस्थेच्या पहिल्या स्त्री-संचालक म्हणून त्यांचा आवर्जून गौरव केला. मुलगी म्हणून रोखलेल्या दारापासून संचालकाच्या खुर्चीपर्यंतचा हा प्रवास अनेकांनी सांगितला आहे. तो सांगायलाच हवा. पण या लेखाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतरचं पर्व, जे चरित्रात सहसा दोन ओळींत संपवलं जातं.

1966 मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. कमलाबाई तिच्या सक्रिय सदस्य, 1982-83 मध्ये अध्यक्ष. संस्थेच्या ‘कीमत’ या मासिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. केंब्रिजला वनस्पतींतलं सायटोक्रोम सी शोधणाऱ्या बाईने बाजारातल्या वस्तूंच्या सुरक्षिततेवर लिहावं, याला घसरण समजणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. तसं समजणं चूक आहे. विश्लेषण रसायनशास्त्राचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे एखादी चाचणी इतकी साधी करणं की ती न शिकलेल्या हातातही खोटं बोलणार नाही.

घरी करता येणाऱ्या भेसळीच्या चाचण्या कशा असतात ते पाहा. उकळून निववलेल्या दुधात टिंक्चर आयोडिनचे दोन-तीन थेंब टाकले आणि निळा रंग आला, तर त्यात पिठूळ पदार्थ मिसळला आहे. हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकल्यावर गुलाबी-जांभळा रंग आला आणि पाणी घालूनही तो टिकला, तर मेटॅनिल यलो या बंदी असलेल्या रंगाचा संशय घ्यायला हवा. शुद्ध हळदीचा गुलाबीपणा पाणी घातल्यावर मावळतो. खोबरेल तेल फ्रिजमध्ये ठेवलं तर गोठतं, मिसळलेलं दुसरं तेल थराने वेगळं दिसतं. काही थेंब, आणि उरलेलं मोरीत ओतलं तरी फारसं बिघडत नाही. शेकडो नमुन्यांतून कोणता नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा हे या थेंबांनी ठरतं. बाकीच्या शेकडो नमुन्यांसाठी लागलं असतं ते द्रावक, वीज, आम्ल वाचतं. हा हिशेब हरित विश्लेषणाच्या पुस्तकांत आता मांडला जातो.

1998 मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा गौरव करायचा ठरवला. समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचं निधन झालं. अनास्तास आणि वॉर्नर यांचं पुस्तक त्याच वर्षी छापलं गेलं.

त्यानंतरच्या पाव शतकात साधने बदलली, आणि बदल खरोखर मोठा आहे. फळभाज्यांवरची कीटकनाशकं शोधायला 1970 च्या दशकात रुळलेल्या पद्धतीत 100 ग्रॅम नमुना आणि शेकडो मिलिलिटर द्रावक लागत, त्यांत डायक्लोरोमिथेनसारखा घातक द्रावकही असे. 2003 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अनास्तासियादेस आणि लेहोटे यांनी क्वेचर्स ही पद्धत दिली: 10 ग्रॅम नमुना, 10 मिलिलिटर ॲसिटोनायट्राइल, 4 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, 1 ग्रॅम मीठ. नळी हलवा, फिरवा, वरचा थर घ्या. त्याच सुमाराला युरोपात भारतीय द्राक्षांवर औषधांचे अंश सापडल्याने निर्यातदार हादरले होते. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने 10 मिलिलिटर इथाइल ॲसिटेटवर भागणारी पद्धत बसवली. हा द्रावक स्वस्तही आहे आणि सौम्यही. आंब्याच्या निर्यातीची तपासणीही आज अशाच थोडक्या द्रावकावर उभी आहे.

सीओडीसुद्धा आता बंद नळीत करता येते. 2.5 मिलिलिटर पाणी, 1.5 मिलिलिटर डायक्रोमेटचं मिश्रण, 3.5 मिलिलिटर आम्ल. पारा वीस पटींनी घटतो, पण संपत नाही. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणारा मिनामाता करार भारताने 2018 मध्ये स्वीकारला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये अतिप्रदूषक वर्गातल्या उद्योगांना सांडपाण्यावर सतत नजर ठेवणारी यंत्रं बसवायला सांगितलं; त्यांतली काही अतिनील प्रकाशाच्या शोषणावरून, रसायनाविना, अंदाज देतात. तरी कायद्याच्या वादात आधार मिळतो तो प्रयोगशाळेतल्या मान्य पद्धतीला. नव्या पद्धतीला प्रमाणित ठरवणाऱ्या समित्यांचं काम संथ चालतं आणि तेवढ्या काळात पारा वापरला जात राहतो. या संथपणाला विज्ञानाचा नाइलाज म्हणता येणार नाही. तो कारभाराचा प्रश्न आहे.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर उतरणाऱ्या मासळीकडे पाहिलं तर कमलाबाईंचा वारसा कुठे चालू आहे ते दिसतं. 2018 च्या पावसाळ्यात गोव्यात मासळीला फॉर्मॅलिन लावल्याच्या बातमीने खळबळ माजली, बाहेरून येणारी मासळी काही काळ बंद झाली आणि कोकणभर गिऱ्हाइकं बिचकली. त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या कागदी पट्ट्या चर्चेत होत्या. ई. आर. प्रिया आणि एस. जे. लाली या दोघी शास्त्रज्ञांनी त्या विकसित केल्या. पट्टी माशावर घासायची, थेंब टाकायचा, रंग तक्त्याशी जुळवायचा. एक पट्टी फॉर्मॅल्डिहाइडसाठी, एक अमोनियासाठी. काही मिनिटांत उत्तर, तेही बाजारात उभं राहून.

अशा पट्टीची मर्यादाही कोकणातल्या माणसाला ठाऊक असायला हवी. बोंबलाच्या अंगात मेल्यानंतर नैसर्गिकरीत्याच फॉर्मॅल्डिहाइड तयार होतं, कारण त्याच्या शरीरातलं ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड विकरांमुळे फुटतं. बोंबलासारख्या माशांना नियमांतही वेगळी, वरची मर्यादा ठेवावी लागते ती यामुळे. पट्टीवर रंग आला म्हणून एखाद्या मासेविक्रेत्या बाईची टोपली उलटी करणं अन्यायाचं होईल. तिथे दुसरी तपासणी हवी, आणि शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारखी संस्था जवळच असताना नमुना मुंबईला पाठवायचं कारण नाही.

हापूसचा प्रश्न आणखी अवघड आहे, कारण तिथे शोधायचं असतं ते फळाच्या पोटात. साका झालेला आंबा वरून देखणा, सुवासिक, डागही नसलेला असतो. कापल्यावर कोयीभोवती पांढुरका, आंबट, स्पंजासारखा गर दिसतो. बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेतल्या संशोधनाने याचा संबंध फळातच सुरू होणाऱ्या कोयीच्या अकाली अंकुरणाशी लावला आहे. साखर आणि आम्ल मोजायचं तर आजवर फळ चिरून रस काढावा लागे, म्हणजे तपासलेला आंबा पेटीतून बाद. जवळच्या अवरक्त प्रकाशाचा झोत सालीवर टाकून परत येणाऱ्या प्रकाशावरून गराची गोडी सांगणारी हातात मावणारी यंत्रं आता मिळतात. त्यांना ना द्रावक लागतो ना सुरी. साक्यासाठी क्ष-किरणांचेही प्रयोग झाले आहेत. पण गोडी सांगणं वेगळं आणि साका हमखास ओळखणं वेगळं. बागायतदारांची जुनी परीक्षा घनतेची आहे: पाण्यात बुडणारं फळ तयार, पण फार बुडायला लागलं, म्हणजे झाडावरच जास्त पिकत आलं, तर साक्याची भीतीही वाढते. म्हणून फळ चौदा आणे तयार झालं की उतरवावं, दुपारच्या उन्हात तापलेल्या कातळावर ते ठेवू नये, लगेच सावलीत आणावं, असं जाणकार सांगतात.